ल्युबेनच्या नावाचा गहू

"बाबांच्या नावाचा आहे, मावशी," असं म्हणून झोर्नित्सानं साखर पेरलेल्या शिजवलेल्या गव्हाचं ताट पुढं केलं. काखेत मरणाची खबर देणारा काळ्या चौकटीचा कागद होता. त्यावर बाबांचा हसरा फोटो आणि खाली नाव, ल्युबेन. असे कागद या गावात दारादारांवर, खांबाखांबांवर चिकटवलेले असतात. चालत्याबोलत्या माणसांपेक्षा आता तेच जास्त झालेत.

रायना मावशी पाणीपुरवठा कचेरीच्या दारावर बसायची. कार्ड पाहिल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, असा तिला हुकूम होता. तिनं कागद वाचला. चमचाभर गहू तोंडात घातला. "देव त्याला क्षमा करो," ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं कुलूप काढलं. "जा, पोरी. सगळ्यांना वाट."

मेलेल्याच्या नावाचा घास इथं कुणी परतवत नाही. झोर्नित्सानं नेमकं तेच हेरलं होतं.

ती परवानगीनं घुसायला शिकत होती. दुसऱ्याच्या संगणकांचं कुंपण कुठं कच्चं आहे ते शोधायचं आणि मालकालाच दाखवून द्यायचं, असा तो अभ्यास. आजची परीक्षा शेवटची. पास झाली तर सोफियात नोकरी. नापास झाली तर आईसारखी इथंच, शिलाई यंत्रावर वाकलेली पाठ.

खोटं खऱ्याला लागून असावं, असं तिचे कामेन सर शिकवायचे. म्हणून बाबा. ते स्पेनला लिंबाच्या बागांत कामाला गेलेले. वसंतापासून त्यांचा फोन नाही. दुसरं घर थाटलं असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. ज्याला लेक आठवत नाही, त्याला तिनं एका सकाळपुरतं मारलं. गहू आईचाच होता. हल्ली आई मधूनच शिजवायची, वारलेल्या आजोबांसाठी म्हणायची. त्यातलाच तिनं उचलला.

आत सगळे उठून उभे राहिले.

"दोन-दोन चमचे घेतोस? लाज नाही वाटत?" एक कारकून दुसऱ्याला म्हणाला.

"ल्युबेन माझ्या बाटलीतून दोन-दोन पेले घ्यायचा. फिट्टंफाट."

कुणी हसलं, कुणी नाक पुसलं. कसा गेला, कधी गेला, एकानंही विचारलं नाही. किती सहज फसतात, तिला वाटलं. रिकाम्या खोलीत शिरून तिनं अंगठ्याएवढं यंत्र संगणकाला जोडलं. पडद्यावर गावाच्या साऱ्या पाण्याच्या झडपा उमटल्या. बोट लावलं असतं तर घरोघरचे नळ कोरडे पडले असते.

"पास!" बाहेर गाडीत कामेन सर म्हणाले. "यंत्र एक वेळ गुपित राखेल, माणसाच्या पोटात ते टिकत नाही. आता अहवालात लिही, दार कुणी उघडलं."

नाव लिहिलं की रायना मावशीची नोकरी जाणार, हे कचेरीच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. झोर्नित्साचा हात थांबला. ती माघारी दाराशी गेली.

"मावशी, तू कार्ड का नाही मागितलंस गं? मागितलं होतंस, मीच चकवलं, असं काहीतरी सांग. तसं लिहिते."

"खोटं कशाला लिहितेस? नाही मागितलं. बापाचा गहू घेऊन आलेल्या पोरीला कार्ड मागू?"

"अगं, तेच खोटं होतं! परीक्षा होती माझी. बाबा मेलेले नाहीत."

रायना मावशी हळूच उठली आणि आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"म्हणजे आईनं नाही सांगितलं तुला? मला वाटलं, सांगितलं."

"काय सांगितलं?"

"परीक्षा झाली ना, बाळा? अगदी संपली?"

"संपली. पास झाले."

"मग बस. ल्युबेनला वसंतातच तिकडं माती दिली. पोरीची परीक्षा होईपर्यंत कुणी ओठांवर आणायचं नाही, अशी तुझ्या आईनं साऱ्या गावाला शपथ घातली होती."