वरचे तीन हजार वॅट

"मॅडम, आज विक्रम होणार बघा," स्टिअरिंगमागून इरफान मुजावर म्हणाला.

"आधी मीटर बोलू दे," म्हणत आवाज गिळणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेची परीक्षक वसुधा मुळीकने त्याच्या ॲम्प्लिफायरच्या तारेला मीटरचा चिमटा लावला.

मैदानात तीन भोंगे कानठळ्या बसवत होते. इरफानने बटण दाबलं आणि त्याच्या गाडीने मैदानातला सगळा आवाज गिळून टाकला. एक भोंगा गिळायला हजार वॅट लागायचे, हे स्पर्धेतलं ठरलेलं माप. असल्या शांततेत वसुधाचा जीव कधीच थाऱ्यावर नसे; म्हणून ती नजर मीटरवरच खिळवून ठेवायची.

तीन हजार. मग चार. मग एकदम सहा!

काचेआड इरफान अंगठा उंचावून सीटवरच नाचायला लागला. तिनेही हरखून तक्त्यावर सहा हजार लिहिले आणि तिचा हात थबकला. भोंगे तर तीनच होते. मग वरचे तीन हजार कसले?

ती गर्रकन मागे वळली. प्रेक्षकांची लोखंडी गॅलरी कोसळली होती. सांगाड्याखालून माणसं तिच्याकडे हात करून, जिवाच्या आकांताने ओरडत होती. एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.

तिच्या हातातल्या मीटरवरचा आकडा अजून चढतच होता.