शेखरकाकांची शिकवणी

"मिशीवरून ओळखशील," असं प्रतिमामावशीनं सांगितलं होतं, म्हणून नंदू डेट्रॉइटच्या विमानतळावर मिशीवाला माणूस शोधत उभा होता. शेवटी लोकरी टोपीतला एक गुळगुळीत चेहरा पुढे आला.

"नंदू ना, साताऱ्याचा? मी शेखरकाका."

"काका, मिशी?"

"काढली. इथे ऑफिसात क्लीन शेव्ह बरं दिसतं. इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा तूही काढ."

झाला उपदेश सुरू. १९८४चा जानेवारी होता. साताऱ्याहून येणारं प्रत्येक पोरगं आधी काकांच्या बेसमेंटमध्ये उतरायचं आणि ही शिकवणी घेऊनच पुढे जायचं. ट्रॉय उपनगरातलं घर येईपर्यंत काका थांबले नाहीत. बर्फावर गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा नाही. बॉसला सर म्हणायचं नाही. रडू आलं तर गाडीत बसून रडायचं, घरी फोन लावायचा नाही.

"आणि घरच्यांना सांगून ठेव, वाईट बातमी कळवायची नाही. इथून आपण करणार काय?"

नेमकी तसलीच बातमी नंदूच्या पोटात होती. काकांची आई, नंदूच्या शेजारच्या आजी, गेल्या महिन्यात वारल्या. नंदूनं स्वतः खांदा दिला होता. काकांच्या बहिणीनं, प्रतिमामावशीनं, निघताना त्याला शपथ घातली होती.

"दादाचं ग्रीन कार्ड व्हायचंय. मध्येच देश सोडला तर सगळं पाण्यात. कळलं तर वेडा धावत येईल. आईनंही जाताना हेच बजावलंय, शेखरला सांगू नका."

घरी उत्तराकाकूंनी गरम भात वाढला. सर्दी झालीय म्हणून काकांनी टोपी घरातही काढली नाही. नंदूनं बॅगेतून मेतकुटाचा डबा काढला.

"आजींनी दिलंय."

केलं होतं मावशीनं. काकांनी भातात कालवून घास घेतला.

"आईच्या हाताची चव," ते म्हणाले.

काकू पाणी आणायला उठल्या. भरलेला जग टेबलावरच होता.

"कशी आहे आई?"

"बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात."

"गुडघे?"

"थंडीत दुखतात."

खोटं इतकं सहज जमलं याची नंदूला शरम वाटली. कार्ड लवकर होऊ दे, म्हणजे आपण सांगून मोकळे होऊ, एवढंच तो मनात म्हणत होता.

जेवणानंतर काका त्याला झोपायची जागा दाखवायला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. त्यांनी दिवा लावला. कोपऱ्यातल्या स्टुलावर आजींचा फोटो होता. त्याला हार घातलेला होता.

नंदूच्या हातातली बॅग खाली पडली. काकांनी टोपी काढली. डोक्यावर नुकते फुटलेले खुंट होते.

"तुझ्याआधी इथे राहून गेलेल्या विष्णूचा शिकागोहून फोन असतो. त्याच्या पोटात काही राहत नाही. आजारपणातच सांगितलं त्यानं."

नंदूचे डोळे भरून आले. इतका वेळ हा माणूस समोर बसून आपलं खोटं गिळत होता.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "कार्डच अडलं होतं. तुमचा तरी काय इलाज होता?"

काकांनी सोफ्यावर चादर पसरली, उशी ठेवली आणि जास्तीचं ब्लँकेट काढून दिलं. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले.

"कार्ड गणपतीतच आलंय," ते म्हणाले. "प्रतिमाला कळवू नकोस."