फक्त बासरी

दुपारी बाळ झोपलं की ती गाण्यांचं मिक्सिंग करायला बसायची. एक कान दाराकडे हवा, म्हणून हेडफोन न घालता स्पीकरवरच.

आज तिने बासरीच्या ट्रॅकचं सोलोचं बटण दाबलं. गिटार, ड्रम, गायिका गप्प झाले. ते ठीकच, सोलो त्यासाठीच असतं. पण डोक्यावरचा पंखाही गप्प झाला. पाती मात्र गरगरत होती.

तिला गंमत वाटली. सोलो काढलं, पंखा घरघरला. पुन्हा दाबलं. आता रस्त्यावरचे हॉर्न गेले, नळाचं ठिबकणं गेलं. साऱ्या जगात एकटी बासरी. तिने घाईघाईने सोलो काढलं. पंखा, नळ, हॉर्न एकेक करून परतले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नवरा बाळाला खांद्यावर घेऊन दारात आला. "अगं, कधीचा रडतोय हा. कानात बोळे घातलेस का?"

नवऱ्याचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला. बाळाचं तोंड उघडं होतं, चेहरा लालबुंद, गालांवर पाणी. फक्त आवाज नव्हता.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. सोलोचं एकही बटण पेटलेलं नव्हतं.