साचाखातं, लेव्हल एक

पडद्यावर धागा तुटला. कोंडीराम नुसते बघत बसले. दुसरा तुटला. कंट्रोलर मांडीवर तसाच.

नम्रता भिंतीला टेकून उभी होती, पण तिला बोलायची बंदी. तिच्या कॉलेजात गेम डिझाइनच्या पदवीचा नियमच तसा. परीक्षेत गेम खेळणारा नवखा हवा, आणि बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. दहा मिनिटांत पहिली लेव्हल पार झाली तर पास, नाहीतर वर्ष गेलं. नम्रताने आपली अक्कल लढवली आणि थेट आजोबांनाच, कोंडीरामांना, आणलं. गेम कापडगिरणीचा. तुटलेला धागा बटण दाबून जोडायचा, एवढंच काम. आजोबांची सगळी जवानी साचाखात्यात, म्हणजे मागांवर, धागे जोडण्यात गेलेली.

नम्रताबाईंचा अभ्यास मात्र दांडगा हं. साच्यांचा आवाज तिने परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमच्या व्हिडिओतून उचलला. बॉबिनचा रंग चार वेळा बदलला. जुन्या काळाचा फील हवा म्हणून वर कोपऱ्यात तारीखही टाकली, झिजलेल्या अक्षरांत. काळाचौकीच्या राहत्या खोलीत आजोबा हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. त्यांना काही विचारायला तेवढी तिला सवड झाली नाही.

परीक्षक अभय सर तिच्याहून थोर. लोअर परळच्या बंद गिरणीत थाटलेल्या कॉलेजात बसून ते गिरणी कामगाराची कीव करत होते. या वयात हात चालत नाहीत, कुणीतरी तरुण आणायचा होता, असं ते कोंडीरामांच्या तोंडावर इंग्रजीत म्हणाले. म्हाताऱ्याला कळणार नाही याची त्यांना खात्री होती.

दहा मिनिटं संपली. गुण शून्य. सरांनी कागदावर काट मारली.

आता बोलायला मोकळी झालेली नम्रता आजोबांवर उखडली. "आबा, एक बटण दाबायचं होतं. तेवढंही नाही जमलं तुम्हाला? माझं वर्ष गेलं."

कोंडीरामांनी कंट्रोलर हलकेच टेबलावर ठेवला.

"बटण कळलं गं मला. वर तारीख कोणी लिहिली? मार्च ब्याऐंशी. संप होता आमचा. घरात चूल पेटत नव्हती, तरी साच्याला हात नाही लावला. आता तुझ्या वर्षासाठी लावू?"