चिठ्ठ्या न वाचता जाळायच्या

"इथे मला बाबा म्हणायचं नाही," तंबूचा खुंटा ठोकता ठोकता पाळकांनी लेकीला बजावलं. "सगळ्यांसारखं पाळकसाहेब म्हण. या माळावर कुणी कुणाचं खरं नातं सांगत नाही."

लेकीने मान डोलावली. एकवीस वर्षं ते एकटेच इथे येत होते. यंदा ती हटूनच बसली, तेव्हा कुठे त्यांनी तिला आणलं. त्यांची एकही अट मोडायची नाही असं तिने ठरवलं होतं.

माळावर हजारभर माणसं उतरली होती. नोकरी, आडनाव, घरदार मागे टाकून ती दर उन्हाळ्यात इथे जमत, झाडाखाली निजत आणि एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत. वाटेच्या तोंडाशी एक फळी होती. हरवलेल्या माणसांचे फोटो तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेले होते. उन्हाने काही इतके विटले होते की चेहरा जाऊन नुसते केस उरले होते. लेकीने एकेक फोटो पाहिला. आईचा नव्हता.

का नाही, असं तिने विचारलं. वारा नेतो, पाळक म्हणाले. त्यापेक्षा खिशात ठेवतो आणि भेटेल त्याला दाखवतो. त्यांनी तो काढून दाखवलाही. एकवीस वर्षं हातोहात फिरूनही फोटोचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. बाबा वस्तू फार जपतात, तिला वाटलं.

ती सात वर्षांची असताना आई घर सोडून या लोकांत येऊन मिळाली. बाबा तिला परत आणायला गेले आणि एकटेच आले. "माळाने गिळली तिला," एवढंच म्हणाले. महिन्याभरात त्यांनी दूरच्या चर्चच्या मंडळीत बदली मागून घेतली आणि लेकीला घेऊन ते गाव सोडलं. पुढच्या उन्हाळ्यापासून मात्र दर वर्षी त्यांनी इथे सेवेचा तंबू लावला. गरम सूप, मलमपट्टी, प्रार्थना. आणि अनवाणी फिरून फाटलेले पाय धुणं. ते काम ते गुडघ्यांवर बसून करत.

आईची एकच वस्तू लेकीकडे उरली होती, लहानपणीच्या रेनकोटाची कॉलर. तिच्यावर आईने शाईने 'खारू' लिहिलं होतं. लेक खारूताईसारखी गालात खाऊ साठवायची, म्हणून खारू. 'रू'चं शेपूट आईने लांब ओढून खाली गोल वळवलं होतं. ती कॉलर पिशवीत घालूनच लेक आली होती. आई आहे की नाही, एवढं कळलं तरी तिला पुरे होतं.

ती इस्पितळात परिचारिका होती. पट्ट्या बांधायला आपल्याला पुढे बसवतील, अशी तिची कल्पना होती. पाळकांनी तिला कनातीमागे चुलीपाशी बसवलं. सूप ढवळायचं, पाणी तापवायचं आणि चिठ्ठ्या जाळायच्या. पाय धुऊन झाले की माणूस आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकी. संध्याकाळच्या प्रार्थनेत पाळक त्या चिठ्ठ्या मनात वाचत आणि मग त्या चुलीत जात.

"माणूस देवाला सांगतो ते तिसऱ्याने वाचू नये," ते म्हणाले. तिला ते पटलं. इस्पितळातही कुणाचे कागद ती उगाच चाळत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक हडकुळा माणूस सुपाचा रिकामा मग घेऊन कनातीमागे आला. सगळे त्याला शिट्टीच म्हणत.

"पाळकसाहेबांचं सूप पातळ आणि प्रवचन घट्ट," तो म्हणाला. "उलटं असतं तर मी केव्हाच तुमच्यात आलो असतो, ताई."

ती हसली. मग हळूच तिने आईविषयी विचारलं. हनुवटीवर तीळ असलेली बाई. पाळकांनी फोटो दाखवला असेलच.

"अठरा वर्षं येतोय मी, मला तरी नाही दाखवला. याला काय विचारायचं, असं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार." त्याने रिकामा मग पुढे केला. "आज मुकी येईल बघा. तिचे पाय ते दुसऱ्या कुणाला धुऊ देत नाहीत."

"जन्मापासून मुकी?"

"नाही हो. बोलायची म्हणे आधी. काहीतरी कानावर आलं आणि वाचाच बसली." तो आणखी काही सांगणार होता, पण कनातीपलीकडून पाळकांनी त्याला हाक मारली. त्यांची पाठ इकडे होती, तरीही.

वारा पडला. सकाळपासून माळावर वाजत असलेले ढोलही थांबले. माळावर एवढी माणसं असून कुणाचा आवाज येईना.

कनातीच्या खालच्या फटीतून दोन पाय दिसले. टाचा भेगाळलेल्या, एका भेगेत रक्त सुकलेलं. मलम द्यावं म्हणून ती उठली. न वळताच पाळकांनी हात मागे करून तिला थोपवलं. ते सगळ्यांना अहोजाहो करत. या बाईशी मात्र एकेरीत, अगदी हळू बोलत होते.

"लिहून ठेव. मी आहे ना."

पेन्सिल बराच वेळ खरखरत राहिली. मग पाय उठले आणि गेले.

पाळक लगेच आत आले. ओल्या हातात एकच चिठ्ठी होती. ती त्यांनी पेटीत टाकली नव्हती, संध्याकाळचीही वाट पाहिली नव्हती. "ही आधी टाक," ते म्हणाले, आणि ती आगीत पडेपर्यंत तिथेच थांबले. बाहेर रांगेत भांडण लागलं, तेव्हा त्यांना जावं लागलं.

ओला कागद पेट घेईना. वाऱ्याचा एक झोत आला, चूल धुमसली आणि चिठ्ठी उडून लेकीच्या पायाशी पडली. परत टाकायला तिने ती चिमट्याने उचलली. कडा काळवंडल्या होत्या, घडी उलगडली होती. तिला वाचायची नव्हती. पण एका 'रू'चं शेपूट लांब ओढून खाली गोल वळवलेलं होतं.

तिने चिमटा टाकून चिठ्ठी हातात घेतली. आई होती. जिवंत होती. आत्ता चार हातांवर बसून गेली होती. ती कनात सारून धावणार, तोच तिची नजर चिठ्ठीवरून फिरली.

'अहो, तुम्ही दाखवलेल्या थडग्यावर यंदाही फुलं ठेवून आले. आपल्या खारूला माती देताना मला बोलावलं नाहीत, ते मी केव्हाच माफ केलं.'