दाराचं माप

कासव काचेवर चालत होतं. पाय हलत होते, नखं खरडत होती, आणि ते होतं तिथेच होतं.

"दुकानातली सगळ्यात मोठी पेटी आणलीय, बाबा," लेक म्हणाली. "दिवा आहे, वाळू आहे. आणखी काय हवं त्याला?"

सुतार गुडघे टेकून बघत होता. "त्याला काच दिसत नाही. समोर वाट दिसते, म्हणून चालतंय बिचारं."

लेकीने पिशवी खांद्याला अडकवली. "माझ्याकडची खोली रिकामी करून ठेवलीय. तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. एकदा काय ते सांगून टाका."

"आधी याच्या घराचं बघू दे."

"कासवाच्या आड किती दिवस लपणार?" ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. मग डोळे भरून आले, म्हणून ती लगेच निघाली.

कासव त्याच्या बायकोचं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा माहेराहून एक ट्रंक आणि हे कासव घेऊन आली. तेव्हा ते बशीएवढं होतं. तेव्हापासून ते पलंगाखाली निजायचं, तिच्या बाजूला. आता ती नव्हती. दुपारी सुताराचा डोळा लागला की खालून खरडल्याचा आवाज यायचा. अर्धवट झोपेत त्याला वाटायचं, चपला शोधतेय. तो कडेला सरकून तिला बसायला जागा करून द्यायचा. जाग आली की अर्धा पलंग रिकामा असायचा आणि खाली कासव फिरत असायचं.

पलंग त्याच्याच हातचा होता. नव्या नवरीसाठी तो त्याने खोलीतच बसून केला. जाड लाकूड, ऐसपैस रुंदी. सांधे सरस लावून कायमचे पक्के केले. फक्त दार मोजायचं राहिलं. तो पलंग त्या खोलीतून कधीच बाहेर निघणार नव्हता. बायकोला ही गोष्ट त्याला चिडवायला जन्मभर पुरली. तो कुणाकडे कपाट करायला निघाला की ती आतून ओरडायची, "अहो, आधी दार मोजा हं!" शेजारीसुद्धा हसायचे. दवाखान्यात न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हा उचलणाऱ्यांना ती हळूच म्हणाली, "यांना विचारा, दार मोजलंय का." ते तिचं या घरातलं शेवटचं बोलणं.

काचेची पेटी त्याने परत पाठवली. फळ्यांचा खोका केला. मागच्या अंगणात विटांचं कुंपण घातलं. कासव प्रत्येक ठिकाणी कोपरा उकरत बसायचं, खायचं नाही. उचलून घरात सोडलं की सरळ पलंगाखाली.

एका दुपारी तो स्वतःच पलंगाखाली शिरला. फरशी गार होती. उजेड कडेकडेने येत होता आणि त्यात धूळ तरंगत होती, सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी. कासव त्याच्या कानाशी श्वास घेत होतं. त्याने वर पाहिलं. खालच्या अंगाने फळ्यांना रंधा मारलेला नव्हता, पॉलिश नव्हतं. इतक्या वर्षांत आपलाच पलंग त्याने या बाजूने पाहिला नव्हता. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. त्याला झोपही लागली असेल. बाहेर आला तेव्हा त्याने करवतीला धार लावायला घेतली.

मधे एकदा तो लेकीकडे जाऊन आला. चहा घेतला. निघताना दारात घोटाळत राहिला. एकदा चौकटीला हात लावून उभा राहिला, जसा काही तोल जात होता. रिकामी खोली बघायला मात्र आत गेला नाही. लेकीने मनातल्या मनात काय ते समजून घेतलं.

मग फोन सुरू झाले. "सांधे वाळतायत," तो सांगायचा. दुसऱ्या वेळी, "माती चाळतोय."

"कासवाला घर करताय की महाल?"

"बघायला ये."

ती आली. बाहेरच्या खोलीत ते उभं होतं. जाड फळ्यांचं, लांबलचक. भिंती ठेंगण्या, आरपार काही न दिसणाऱ्या. आत माती, उथळ थाळीत पाणी, वरून दिव्याची ऊब. एका टोकाला बुटकं छप्पर आणि त्याखाली काळोख. काळोखात कासव मान आत घेऊन निजलं होतं. खरडणं नव्हतं. घर इतकं गप्प होतं की लेक हळू बोलायला लागली.

"छान झालंय," ती म्हणाली. असलं भक्कम काम कोणी चार दिवसांसाठी करत नाही. "म्हणजे तुम्ही येत नाही."

"छपराखाली वाकून बघ."

ती वाकली. मोबाइलचा उजेड पाडला. वरच्या फळीवर, रंधा न मारलेल्या लाकडावर, खडूने काढलेलं एक कासव होतं. पुसट, पाच पायांचं. लहानपणी ती रुसली की पलंगाखाली जाऊन बसायची. आई खाली वाकून म्हणायची, "आता दोन कासवं झाली."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. पलंग नव्हता. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन होते. भिंतीशी एक अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं.

परत येऊन ती नुसतीच त्या घराच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "पण हे एवढं मोठं दारातून जाईल का?"

"जाईल. या खेपेला आधी दार मोजलंय," सुतार म्हणाला. "तुझं."