रोजचा पाहुणा

"हे आमच्या डोंगरातलं एक अस्सल बर्बर जमातीचं घर," इद्दरने फ्रेंचमध्ये सांगितलं आणि स्वतःच्याच आईच्या दारात बूट काढले.

त्याच्यामागून पाहुणे माना वाकवून आत आले. सकाळी मराकेशहून निघालेली मंडळी. दरी, झुलता पूल, तेलाचं दुकान एवढं उरकून आता चहाला टेकली होती. इद्दरही टेकला. बोलून बोलून त्याचा घसा बसला होता आणि धबधबा अजून बाकी होता.

त्याची आई इत्तो चहाचं तबक पुढ्यात घेऊन बसलेली. मुलगा घरात शिरला की आधी आईच्या हाताचा मुका घेतो, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इद्दरने मात्र इतरांसारखा नुसता हात मिळवला. गाइडने गिऱ्हाइकांना नातेवाइकांच्या घरी न्यायचं नाही, असा टूर कंपनीच्या मालकाचा सक्त नियम होता. दुसऱ्या कुणाच्या घरी न्यावं, तर आईचं रोज तोंड दिसायचं तेही गेलं असतं. म्हणून हे सोंग. सुरुवातीला दोघांना त्याची गंमत वाटायची. आता दोघंही पार कंटाळले होते.

"उद्या तामू येतेय मला न्यायला," चहा ओतता ओतता इत्तो आपल्या डोंगरी बोलीत म्हणाली. "मी चालले लेकीच्या घरी, कासाब्लांकाला. कायमची."

इद्दरने चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही. "असं अचानक?"

"अचानक कसलं? रमजानपासून कानीकपाळी ओरडतेय. तुझं लक्ष असेल तर ना! डोळ्यांना नीट दिसत नाही. पहाटे उठून ढीगभर रोट्या आता नाही भाजवत."

"हळू बोल. आणि जरा हस, बघतायत ते."

इत्तो हसली. कुणीतरी लगेच फोटो काढला.

"काय म्हणतायत आजीबाई?" फोटो काढणाऱ्याने विचारलं.

"म्हणतायत, रोट्या पहाटे उठून भाजल्यात. लाजू नका, पोटभर खा."

"काय थापा मारल्यास?" इत्तोने विचारलं.

"थापा नाहीत. खरंच रोट्यांचं सांगितलं."

तिने त्याच्यापुढेही पेला सरकवला. "आजची रात्र राहा," ती म्हणाली. "एवढंच मागते. बाप गेल्यापासून तू या घरात झोपलेला नाहीस. सकाळी तामूच्या देखत मला हाताला धरून गाडीत बसव. मुलाच्या घरून निघाले असं वाटू दे. चहाच्या दुकानातून उठून गेल्यासारखं नको."

"आई, यांना हॉटेलवर कोण सोडणार, तुझा जावई? उद्या उजाडताच दुसरा गट आहे."

"रोजच असतो दुसरा गट."

"त्याच्यावरच पोट आहे ना."

"माहीत आहे रे बाबा. म्हणून तर राहा म्हणायला इतके दिवस तोंड उघडलं नाही."

इद्दरला एकदम गलबलून आलं. इथेच तिच्या मांडीवर डोकं टाकावं आणि गाढ झोपून जावं, मग मालक काय करायचं ते करो, असं त्याला वाटलं. पण पाहुणे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग चहा एवढ्या उंचावरून का ओततात, हे त्याने त्यांना समजावून सांगितलं. तेच शब्द, तोच विनोद. मंडळी हसली.

ओदील नावाच्या वयस्क मादाम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मघापासून इत्तोकडेच पाहत होत्या. "या एकट्याच राहतात का?" त्यांनी विचारलं. "मुलंबाळं?"

"काय म्हणतेय ती म्हातारी?" इत्तो म्हणाली.

"मुलंबाळं किती, विचारतेय."

"आधी तिला विचार, तिला किती."

इद्दरने विचारलं. मादामने पेला खाली ठेवला. "एक मुलगा. तोही कॅनडात. वर्षातून एकदा येतो, नाताळात. पंधरा दिवस राहतो. त्याची खोली मी अजून तशीच ठेवलीय."

इद्दरने ते आईला सांगितलं. बिचारी, असं काहीतरी ती म्हणेल अशी त्याची अटकळ होती.

"पंधरा दिवस?" इत्तो म्हणाली. "रात्रीचा पण?"

"रात्रीचा पण."

"नशीब काढलंय बाईनं. सांग तिला."

आपल्या पदरचं काहीही न घालता इद्दरने ते सांगितलं. मादाम बुचकळ्यात पडल्या. "नशीब? वर्षातून एकदा येतो, त्याचं? यांना मुलगा नाही का?"

"आहे." इद्दर म्हणाला. "रोज येतो."

"मग? आज नाही आला?"

खाली रस्त्यावर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मंडळी उठून बूट शोधू लागली. इद्दरही उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. इत्तो रिकामे पेले गोळा करत होती.

"आता काय विचारतेय?" ती म्हणाली.

"विचारतेय, तुझा मुलगा आज आला नाही का."

इत्तोने मान वर केली. दारातल्या उजेडात तो तिला कितपत दिसत होता, कोण जाणे.

"अजून यायचाय म्हणावं," ती म्हणाली.